शाळा इंदुरातच, तरी मुलीला बोर्डर करावे का? ('लिबरल आर्ट्स' शिक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय शाळेविषयी)

प्रश्न : सुदामानगरवासी, इंदूर

नमस्कार.

माझी मुलगी आठवीत आहे आणि शहरातल्या एका सीबीएसई शाळेत जाते. अभ्यासात ती बरी आहे. फार पुढे नाही, मागेही नाही. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर ती गावांचे नकाशे काढत बसते. ही गावे कुठेच नसतात, पण त्यांत नदी, घाट, आठवडी बाजार, रेल्वेचे फाटक असे सगळे जागच्या जागी असते, आणि पूर आला तर पाणी कोणत्या गल्लीत शिरेल हेही तिने बाणांनी दाखवलेले असते. अशा मुलीला अकरावीत 'मॅथ्स की बायो' एवढाच प्रश्न विचारला जाणार, हे आम्हा दोघांनाही पटत नाही, म्हणून नववीपासून शाळा बदलण्याचा विचार सुरू झाला.

आम्ही पाहिलेली शाळा शहराबाहेर, घरापासून साधारण अठरा किलोमीटरवर आहे. वसतिगृहात राहणारी (बोर्डर) आणि रोज घरून येणारी (डे-स्कॉलर) अशी दोन्ही प्रकारची मुले तेथे शिकतात. नववी-दहावीला केंब्रिजचा आयजीसीएसई हा दहावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम आणि अकरावी-बारावीला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा आहे. माहितीपत्रकात 'लिबरल आर्ट्स' हे शब्द मी मोजले तेव्हा अकरा वेळा आले होते, पण त्यांचा अर्थ एकदाही सांगितलेला नव्हता. शाळा दाखवणाऱ्या बाईंना विचारले, तर 'मुलांचा सर्वांगीण विकास' असे उत्तर मिळाले, आणि ते तर आमच्या सध्याच्या शाळेच्या फाटकावरही रंगवलेले आहे. मातीकामाच्या खोलीत चाक होते. त्यावरची माती वाळून तिला भेगा पडल्या होत्या. सुट्टीचे दिवस असतील म्हणून मी काही बोलले नाही.

आमची खरी अडचण वेगळीच आहे. बोर्डरची फी डे-स्कॉलरच्या जवळजवळ दुप्पट आहे. ती भरणे अशक्य नाही, पण जड जाईल. सासूबाईंचे म्हणणे असे की, गावात राहते घर असताना मुलीला वसतिगृहात ठेवणे म्हणजे लोकांना बोलायला जागा देणे. दुसरीकडे, बसने जाण्यायेण्यात रोजचे सव्वादोन तास जातील. शिवाय पुढे तिला वैद्यकीय शाखेकडे जावेसे वाटले तर हा रस्ता बंद झालेला असेल का, आणि जेमतेम वाचता येणाऱ्या तिच्या मराठीचे काय होईल, याही शंका आहेत. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

उत्तर : निवृत्त हाऊसमास्तर, ग्वाल्हेर

ताई, मी निवासी शाळांमध्ये सत्तावीस वर्षे इतिहास शिकवला आणि त्यांतली अकरा वर्षे हाऊसमास्तर, म्हणजे एका वसतिगृहाचा (हाऊसचा) प्रमुख होतो, तेव्हा माझे मत वसतिगृहाच्या बाजूने झुकलेले असणार, हे गृहीत धरूनच वाचावे.

आधी त्या शब्दांविषयी. आपल्याकडे 'आर्ट्स' म्हटले की एक तर कलाशाखा आठवते, नाही तर चित्रकला. लिबरल आर्ट्स म्हणजे या दोन्ही नव्हेत. मध्ययुगीन युरोपात स्वतंत्र माणसाला शोभतील अशा सात विद्या मानल्या जात : व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व या तीन, आणि अंकगणित, भूमिती, संगीत व खगोल या चार. संगीत तेथे गणिताच्या पंगतीला बसलेले आहे आणि चित्रकला यादीत नाहीच, ही गोष्ट मी दरवर्षी नव्या मुलांना सांगत असे आणि दरवर्षी ती मुलांना खोटी वाटे. आज शाळेच्या पातळीवर त्याचा अर्थ एवढाच घ्यावा की, एखाद्या व्यवसायाची तयारी लवकर सुरू करण्याऐवजी भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्रे आणि कला यांना बारावीपर्यंत बरोबरीचा मान द्यायचा, आणि एका विषयात विचार करण्याची जी रीत कळली ती दुसऱ्या विषयात वापरायला लावायची.

शाळा हे खरोखर करते की नाही, हे माहितीपत्रकावरून कळत नाही, वेळापत्रकावरून कळते. चालू वर्षाच्या अकरावीचे प्रत्यक्ष वेळापत्रक मागा. त्यात भौतिकशास्त्र आणि इतिहास एकाच तासाला समांतर लावलेले असतील, तर माहितीपत्रक काहीही म्हणो, त्या शाळेतल्या एकाही मुलाला हे दोन विषय एकत्र घेता येत नाहीत. शिक्षक कमी असले की शाळा हेच करतात, आणि पालकांना ते दहावीचा निकाल लागल्यावर समजते.

आता वसतिगृहाविषयी. आपल्या भागातल्या जुन्या निवासी शाळा संस्थानिकांच्या आणि सरदारांच्या मुलांसाठी निघाल्या. इंदूरचे डेली कॉलेज १८७० मध्ये रेसिडेन्सी स्कूल म्हणून सुरू झाले, आमच्या किल्ल्यावरची शिंदे शाळा १८९७ मध्ये. मुलाला वाड्यातल्या नोकरचाकरांपासून आणि लाडांपासून दूर काढणे हा त्या काळी वसतिगृहाचा उघड हेतू होता. तुमच्या मुलीला कोणापासूनही दूर काढायचे नाही, त्यामुळे 'गावात घर असताना कशाला' हा सासूबाईंचा प्रश्न मला रास्त वाटतो आणि त्याला 'शिस्त लागते' हे उत्तर पुरेसे नाही.

पुरेसे उत्तर द्यायचे तर संध्याकाळ पाहावी लागते. निवासी शाळेत चारनंतर खेळ, मग आंघोळ आणि अल्पोपाहार, साडेसहाला प्रेप म्हणजे शिक्षकाच्या देखरेखीखालचा अभ्यास, आठला जेवण, आणि जेवणानंतरचा जो तासभर उरतो त्यात वादविवाद, नाटकाच्या तालमी, वाद्यवृंद, गच्चीवरची दुर्बीण असे सगळे चालते. माझ्या हाऊसमध्ये एका वर्षी एक मुलगा पानिपतावर भाषण तयार करत होता आणि त्याच्या शेजारच्या पलंगावरचा मुलगा संख्याशास्त्राचा गृहपाठ करत होता. दिवे मालवण्याच्या वेळेला मी फेरीवर गेलो, तेव्हा दोघे मिळून भाऊसाहेबांच्या छावणीला रोज किती धान्य लागत असेल याचा हिशेब मांडत बसले होते. हिशेब चुकीचा होता, कारण त्यांनी बैल धरलेच नव्हते. पण हे वर्गात घडत नाही, कारण वर्गात पंचेचाळीस मिनिटांनी घंटा होते.

डे-स्कॉलरची बस या सगळ्याआधीच शाळेच्या फाटकाबाहेर पडते. म्हणून शाळेला एकच प्रश्न आवर्जून विचारा : डे-स्कॉलरची शेवटची बस किती वाजता सुटते? काही शाळा घरून येणाऱ्या मुलांनाही हाऊस देतात, प्रेप आणि रात्रीच्या जेवणापर्यंत थांबू देतात. काही ठिकाणी सोमवार ते शुक्रवार राहून शनिवार-रविवार घरी येण्याची सोय असते. बस सव्वाचारला सुटत असेल आणि दुसरी नसेल, तर फी लिबरल आर्ट्सची आणि शिक्षण अर्ध्या दिवसाचे, असा तो व्यवहार होतो.

उत्तर : जुनी पलासिया, इंदूर

माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी आयबी डिप्लोमा करून बाहेर पडला, डे-स्कॉलर म्हणूनच. सरांनी वेळापत्रकाचे लिहिले आहे, मी विषयांचे लिहिते, कारण आमची ठेच तेथेच लागली.

आयबी ही १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेली संस्था आहे. तिच्या डिप्लोमात सहा गट असतात : मातृभाषा किंवा मुख्य भाषेचे साहित्य, दुसरी भाषा, समाजशास्त्रे, विज्ञान, गणित आणि कला. प्रत्येकातून एक विषय, त्यांपैकी साधारणपणे तीन वरच्या पातळीवर म्हणजे एचएल आणि तीन साध्या पातळीवर म्हणजे एसएल. प्रत्येक विषयाला ७ गुण म्हणजे ४२, आणि दीर्घ निबंध व 'थिअरी ऑफ नॉलेज' मिळून जास्तीत जास्त ३, असे एकूण ४५. डिप्लोमा मिळायला किमान २४ लागतात. याशिवाय सर्जन, शारीरिक हालचाल आणि सेवा यांचा दीड वर्षाचा कार्यक्रम असतो, ज्याला गुण नाहीत पण तो पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमाही नाही. कागदावर यापेक्षा लिबरल आर्ट्सच्या जवळ जाणारे शालेय शिक्षण मला दिसलेले नाही.

पण सहाव्या गटातला कला विषय न घेता त्याऐवजी इतर एखाद्या गटातला, बहुधा आणखी एक विज्ञान विषय, घेण्याची मुभा आहे. आपल्याकडे अभियांत्रिकीचा विचार असलेले मूल भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र दोन्ही घेते, आणि मग सर्वांत आधी गळते ती कला. माझ्या मुलाच्या वर्गात बावीस मुलांपैकी तिघांनी दृश्यकला घेतली होती. ही शाळेची चूक नाही, आम्हा पालकांचीच होती, आणि हे माहितीपत्रकात कोणी छापणार नाही.

गणिताविषयी जपून. २०१९ पासून आयबीत गणिताचे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत, 'ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस' आणि 'ॲप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन'. दुसऱ्याची सोपी पातळी घेतली तर गुण छान पडतात, पण अभियांत्रिकीचे आणि परदेशातल्या अनेक अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमांचे दार बंद होते. अकरावीच्या पहिल्या महिन्यात मूल घाबरून खालची पातळी मागते, तेव्हा घरच्यांनी थोडा धीर धरावा.

वैद्यकीयचे म्हणाल, तर 'नीट' या प्रवेशपरीक्षेसाठी अकरावी-बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागते. नेहमीच्या आयबी डिप्लोमात विज्ञानाचे दोनच विषय बसतात. तीन घ्यायचे तर विद्यापीठ प्रवेशाची गरज दाखवून शाळेमार्फत खास परवानगी काढावी लागते, आणि ती अकरावीच्या सुरुवातीलाच. आणखी एक बाब वेळेची : मे महिन्यातल्या परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि आपल्याकडचे काही प्रवेश तोपर्यंत अर्ध्यावर आलेले असतात.

आता जे मिळाले ते. दीर्घ निबंधाला ४,००० शब्दांची मर्यादा असते आणि विषय मुलाने स्वतः निवडायचा असतो. माझ्या मुलाने पॅट्रिक गेडिस निवडला. गेडिस मूळचा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. त्याने १९१८ मध्ये इंदूर दरबाराला नगररचनेचा दोन खंडांचा अहवाल दिला. नदी, बागा, मोऱ्या, जुन्या वस्त्या न पाडता कशा सुधाराव्यात हे त्यात आहेच, शिवाय इंदूरला कसे विद्यापीठ असावे याचाही विचार त्यात केलेला आहे. मुलगा तो अहवाल घेऊन तीन रविवार कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपासून कान्ह नदीच्या काठाने चालला, गेडिसने सुचवलेले काय उरले आणि काय बुजले ते वहीत लिहीत. प्लेगला हटवण्यासाठी घरे झाडून घेतलेल्या वस्त्यांमधून दिवाळीची मिरवणूक नेण्याची गेडिसची युक्ती त्याने माझ्या सासऱ्यांना वाचून दाखवली, आणि ज्या आजोबांशी एरवी तो 'जेवायला चला' यापलीकडे बोलत नसे, त्यांच्याशी त्या रात्री साडेअकरापर्यंत बोलत बसला. पहिला खर्डा ५,३०० शब्दांचा झाला होता. त्यातले तेराशे कापताना तो जे शिकला ते मला एम.ए.ला शिकवले गेले नव्हते.

तुमच्या नकाशे काढणाऱ्या मुलीसाठी म्हणून हे जरा लांबवून लिहिले.

उत्तर : छावणीचा रहिवासी, इंदूर

सगळे वाचले. मला एवढेच विचारायचे आहे की गेडिसचा अहवाल वाचायला आणि नदीकाठाने चालायला दुप्पट फी कशासाठी लागते? सीबीएसईने अकरावीत शाखांच्या भिंती नियमाने घातलेल्या नाहीत. भौतिकशास्त्राबरोबर राज्यशास्त्र किंवा चित्रकला घेता येते. नाही म्हणतात त्या शाळा, आपल्या सोयीसाठी. त्याच पैशात सध्याच्या शाळेजवळ बरी दुसरी सीबीएसई शाळा शोधा, घरी चार कपाटे पुस्तके घ्या, आणि मुलगी आजीजवळ राहील. आणि हो, प्राप्तिकराच्या जुन्या करपद्धतीत असाल तर वजावटीच्या दीड लाखाच्या एकूण मर्यादेत फक्त ट्यूशन फी धरता येते. वसतिगृह, मेस, बस यांतले काही धरता येत नाही, तेव्हा शाळेकडून पावती फोडून मागा.

उत्तर : जुनी पलासिया, इंदूर

छावणीकर काका, शाखांबद्दल तुमचे अगदी खरे आहे, आणि तशी शाळा इंदुरात सापडली तर येथे जरूर कळवा. आम्ही चार शाळांत विचारले होते. चारही ठिकाणी 'टाइमटेबल में नहीं बैठेगा' हेच उत्तर होते.

नीटविषयी माझ्या वरच्या मजकुरात एक भर : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून अतिरिक्त म्हणून दिलेला विषयही ग्राह्य धरायला सुरुवात केली. त्यामुळे दार अगदी बंद नाही, पण त्यात एक वर्ष जाण्याची तयारी हवी.

उत्तर : सूरसागरकाठ, वडोदरा

मी स्वतः अशाच एका निवासी शाळेत चार वर्षे डे-स्कॉलर होते. ही इंदूरची शाळा नव्हे आणि मी तिचे नाव लिहिणार नाही. घर शाळेपासून पंचवीस मिनिटांवर होते, तरी हाऊसमास्तर सरांचे म्हणणे मला शब्दशः लागू पडते. डे-स्कॉलरना तेथे बोर्डर मुली 'टिफिन' म्हणत. त्यात वाईट हेतू नव्हता, पण सकाळी वर्गात बसले की रात्री काय घडले, कोण कोणाशी भांडले, कोणत्या बाईंनी कोणती कविता वाचून दाखवली, हे सगळे आदल्या दिवसाच्या वर्तमानपत्रासारखे ऐकायला मिळे. दहावीत मला नाटकात काम मिळाले. तालीम साडेपाचला सुरू होई. बाबा बँकेतून सुटून साडेसातला घ्यायला येत आणि फाटकाजवळ स्कूटरवर बसून शेंगदाणे खात थांबत. तीन महिने त्यांनी हे केले. सुदामानगरच्या ताईंनी डे-स्कॉलरचा निर्णय घेतला, तर अठरा किलोमीटरवर हे कोण करणार, ते आत्ताच घरात ठरवून घ्यावे.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. त्या शाळेने आम्हाला अकरावीला नाट्य हा विषय मिळेल असे सांगितले होते. दहावीच्या डिसेंबरात नाट्याच्या सरांनी नोकरी सोडली, त्यांच्या जागी कोणी आले नाही, आणि जूनमध्ये विषयांच्या यादीतून नाट्य गुपचूप गेले होते. आम्ही पाच जणी होतो. पाच जणींसाठी शिक्षक परवडत नाही असे सांगण्यात आले. त्यामुळे कलेच्या प्रत्येक विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे का, तो किती वर्षांपासून आहे, आणि मागच्या दोन वर्षांत किती मुले त्या विषयात परीक्षेला बसली, हे लेखी विचारा. चाकावर वाळलेल्या मातीबद्दल तुम्ही लिहिलेत, ते तर मला सुट्टीमुळे वाटत नाही. सुट्टीपूर्वी चाक धुऊन ठेवतात.

माणूस असला तरच विषय असतो. आमच्या बडोद्याच्या विद्यापीठातल्या ललित कला विद्याशाखेचेच पाहा : इंदुरात देवळालीकरांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याला आले आणि त्यांनी चित्रकला विभाग उभा केला, म्हणून आज मी येथे शिकते आहे. इंदूरकरांना हे मी सांगायला नको.

मराठीविषयी : शाळेत ज्या भाषेचा शिक्षक नाही, त्या भाषेतले साहित्य शाळेच्या देखरेखीखाली स्वतः अभ्यासून पहिल्या गटात एसएल पातळीवर घेण्याची पद्धत आयबीत आहे. इंग्रजी साहित्य आणि असे मातृभाषेतले साहित्य दोन्ही घेतले तर द्विभाषिक डिप्लोमा मिळतो. मराठीसाठी काय करावे लागेल, हे शाळेतल्या आयबी समन्वयकांना नववीतच विचारून ठेवा, कारण 'जेमतेम वाचता येते' इथून साहित्याच्या परीक्षेपर्यंत जायला तिला दोन वर्षे तर लागतीलच. आजीला कामाला लावा.

सुदामानगरवासी, इंदूर (बारा दिवसांनी)

सर्वांचे मनापासून आभार. तुम्ही लिहिलेले छापून घेऊन मी पुन्हा शाळेत गेले, या वेळी मुद्दाम बुधवारी संध्याकाळी.

डे-स्कॉलरची बस चार वीसला सुटते. उशिराची बस आठवड्यातून दोनच दिवस, साडेसहाला, तीही फक्त शहरातल्या भंवरकुआँ चौकापर्यंत. अकरावीचे वेळापत्रक दाखवायला आधी टाळाटाळ झाली, मग दाखवले : भौतिकशास्त्र आणि इतिहास वेगवेगळ्या तासांना आहेत, पण भूगोल आणि दृश्यकला एकाच तासाला येतात. माझ्या मुलीला नेमके हेच दोन हवे असणार, असे मी म्हणाले. समन्वयक बाईंनी ते वहीत टिपून घेतले आणि दोन विद्यार्थी मागणारे असतील तर तास हलवता येतो, असे सांगितले. हे लेखी द्या म्हटल्यावर गुरुवारपर्यंत ई-मेल करते म्हणाल्या. अजून आलेला नाही. मातीकामाचे शिक्षक आठवड्यातून एकदा उज्जैनहून येतात. वडोदऱ्याच्या ताईंचा अंदाज बरोबर निघाला.

संध्याकाळ मात्र पाहिली. प्रेपच्या खोलीत चाळीसेक मुली शांत बसल्या होत्या. जेवणानंतर ग्रंथालयात सहा-सात जणी एका शिक्षिकेबरोबर जमिनीवर मोठा कागद पसरून काहीतरी आखत होत्या. माझी मुलगी त्यांच्याकडे बघत दारातच उभी राहिली, आणि एकीने सरकून तिला जागा करून दिली. पावणेनऊ वाजले तरी ती उठेना.

आठवड्याच्या बोर्डिंगची सोय आहे. फी पूर्ण बोर्डरपेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी पडते. आमचा कल तिकडे आहे, पण विषयांचा ई-मेल आल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत, असे आम्ही ठरवले आहे. सासूबाई अजून बोलत नाहीत. मात्र शुक्रवारी मुलगी किती वाजता घरी पोहोचेल, हे त्यांनी काल दोनदा विचारले. प्रवेशाच्या वेळी घेतली जाणारी अनामत रक्कम मध्येच शाळा सोडल्यास परत मिळते का, याचा कोणाला अनुभव असल्यास कळवावे.

उत्तर : निवृत्त हाऊसमास्तर, ग्वाल्हेर

अनामत रकमेतून बहुतेक ठिकाणी मोडतोड आणि थकबाकी वजा करून बाकीची परत देतात, पण शाळा सोडण्याची सूचना एक सत्र आधी लेखी द्यावी लागते आणि ती दिली नाही तर त्या सत्राची पूर्ण फी कापून घेतात. प्रवेश-फी मात्र परत मिळत नाही. दोन्ही रकमा पावतीवर वेगळ्या लिहून घ्या. आणि तो ई-मेल आला की येथे कळवा. भूगोल आणि दृश्यकला यांचा तास खरोखर हलतो का, हे पाहण्याची मलाही उत्सुकता आहे.